पिवळ्या पेटीचा हिशेब

अमेरिकेतल्या कोणत्याही उपनगरात पेट्रोल पंपाच्या कडेला किंवा मॉलच्या पार्किंगच्या टोकाला एक लोखंडी पेटी हमखास दिसते. माणसाएवढी उंच, पिवळी, हिरवी नाहीतर लाल, आणि वरच्या बाजूला झडप. 'कपडे आणि बूट इथे टाका' अशा अर्थाची ठळक अक्षरे, सोबत पृथ्वीगोलाचे किंवा मुलांचे चित्र. झडप ओढायची, पिशवी आत ढकलायची आणि निघायचे. तिथे कुणी माणूस नसतो, पावती मिळत नाही, कुणी काही विचारत नाही. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात राहणारी मराठी कुटुंबेही मुलांना आखूड झालेले कपडे आणि थंडीचे जुने कोट अशाच पेट्यांत टाकतात. टाकताना मनात एकच असते, कुणाच्या तरी अंगावर जाईल, कुणाला तरी ऊब मिळेल.

बहुतेक वेळा तसे होत नाही. ती पिशवी विकली जाते. पण विकणे ही लबाडी नव्हे, हे आधी स्पष्ट करायला हवे. बोस्टनमध्ये १९०२ साली एडगर हेल्म्स या मेथॉडिस्ट धर्मोपदेशकाने 'गुडविल'चे काम सुरू केले ते विक्रीच्याच पायावर. सुखवस्तू घरांतून जुने कपडे गोळा करायचे, बेकारांना ते दुरुस्त करण्याचे काम द्यायचे आणि विकून आलेल्या पैशातून त्यांना मजुरी द्यायची. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑक्सफॅमने ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर दुकान थाटले, तेही लोकांनी दिलेल्या वस्तू विकून मदतकार्यासाठी पैसा उभा करायला. एक जुना कोट हजारो मैलांवर पाठवण्यापेक्षा तो इथेच विकून पैसे पाठवणे पुष्कळदा शहाणपणाचे असते. या संस्था ते उघडपणे सांगतात. दुकानाच्या पाटीवरच सारे स्पष्ट असते.

मात्र अशा दुकानांतही येणाऱ्या मालाचा थोडाच भाग गिऱ्हाइकाच्या हाती जातो. उरलेला माल वजनावर घाऊक व्यापाऱ्यांकडे जातो. तिथे त्याची प्रतवारी होते. चांगला माल एका बाजूला, मध्यम दुसऱ्या, आणि फाटका पुसण्याच्या चिंध्यांसाठी किंवा लगद्यासाठी. मग यंत्रावर दाबून त्याच्या गाठी बांधतात आणि कंटेनर बंदराकडे रवाना होतात. वापरलेल्या कपड्यांच्या निर्यातीत अमेरिका जगात अग्रभागी आहे. एवढ्या मोठ्या व्यापाराचा कच्चा माल जवळजवळ फुकट मिळतो, आणि तो फुकट मिळतो केवळ देणाऱ्याच्या विश्वासामुळे. हा विश्वास जो मिळवू शकेल, मग तो खरा सेवाभावी असो वा नसो, त्याच्या हाती माल येतो.

या विश्वासाचे काय होऊ शकते हे समजण्यासाठी डेन्मार्ककडे वळावे लागते. पश्चिम जटलंडमध्ये उल्फबोर्ग गावाजवळ ट्विंड नावाची जागा आहे. मोगेन्स आम्दी पेटरसन हा तरुण शिक्षक आणि त्याचे सहकारी यांनी १९७० साली तिथल्या चळवळीची सुरुवात केली. चार भिंतींतली शाळा त्यांना नको होती. विद्यार्थ्यांनी जुन्या बसगाड्या दुरुस्त करून थेट आशियापर्यंत प्रवास करायचा, गरिबी डोळ्यांनी पाहायची आणि परत येऊन शिकवायचे, अशी त्यांची रीत होती. त्यांच्यातूनच 'शिक्षक गट' उभा राहिला. सदस्यांनी आपला पगार सामायिक तिजोरीत भरायचा, वेळही गटाच्या स्वाधीन करायचा आणि कुठे राहायचे, काय करायचे हे सगळ्यांनी मिळून ठरवायचे. १९७५ ते १९७८ या काळात या मंडळींनी शेकडो स्वयंसेवकांच्या श्रमांतून एक पवनचक्की बांधली. त्या वेळी ती जगातली सर्वांत मोठी होती, आणि ती आजही फिरते आहे. अणुऊर्जेला पर्याय आहे हे त्यांना सिद्ध करायचे होते आणि त्यांनी ते करून दाखवले. या माणसांच्या श्रमांत खोट नव्हती, हे मान्य केल्याशिवाय पुढची गोष्ट नीट कळत नाही.

जुने कपडे गोळा करण्याचे काम याच चळवळीतून १९७७ साली सुरू झाले. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या मुक्तिलढ्यांविषयी युरोपातल्या तरुणांना तेव्हा मोठी आस्था होती, आणि कपडे देणे हा मदतीचा सर्वांत सोपा मार्ग होता. काम वाढले, शेजारच्या देशांत पसरले. कपड्यांच्या विक्रीतून पैसा येऊ लागला. शाळांना सरकारी अनुदान मिळत होतेच. १९७९ मध्ये पेटरसन लोकांच्या नजरेआड गेला आणि पुढची वीसहून अधिक वर्षे तो जाहीरपणे कुठेच दिसला नाही. गट वाढत राहिला. पैसा कुठून कुठे जातो हे मात्र बाहेरच्यांना कळेनासे झाले.

डॅनिश संसदेने १९९६ मध्ये खास कायदा करून ट्विंडच्या शाळांचे अनुदान तोडले. त्यावर गटातली मंडळी न्यायालयात गेली, आणि १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. विशिष्ट संस्थांची नावे घेऊन कायद्याने त्यांना शिक्षा करणे हे संसदेचे काम नाही, असा त्या निकालाचा आशय होता. संसदेचा कायदा घटनेच्या आधारे रद्द होण्याची डेन्मार्कच्या इतिहासातली ती पहिली वेळ. संशय कितीही दाट असला तरी न्यायाची वाट सोडता येत नाही, हे त्या देशाने तिथे स्वतःच्या खर्चाने शिकून घेतले, आणि मला त्या निकालाविषयी आदर वाटतो.

पुढे २००१ मध्ये पोलिसांनी छापे घातले. मानवतावादी कामे, संशोधन आणि पर्यावरण यांसाठी असलेल्या एका निधीतला पैसा गटाच्याच कंपन्यांकडे वळवला, करचुकवेगिरी केली, असे आरोप होते. हा निधी मुख्यतः शिक्षकांच्या पगारातून उभा राहिलेला होता. तो खटला कपड्यांच्या पेट्यांचा नव्हता. पेटरसनला फेब्रुवारी २००२ मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर अटक झाली आणि त्याच वर्षी त्याला डेन्मार्कच्या हवाली करण्यात आले. लांबलेल्या खटल्यानंतर ऑगस्ट २००६ मध्ये खालच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. सरकारी पक्षाने अपील केले, पण तोवर तो देश सोडून गेला होता. गटाचा एकेकाळचा प्रवक्ता पौल योर्गेनसेन याला मात्र २००९ मध्ये वरच्या न्यायालयाने अडीच वर्षांची शिक्षा सुनावली.

अमेरिकेतल्या पिवळ्या पेट्या ज्या संस्थेच्या, ती 'प्लॅनेट एड' १९९७ साली मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन झाली. तिचा आणि शिक्षक गटाचा संबंध काय, यावर अमेरिकेतल्या पत्रकारांनी वर्षानुवर्षे लिहिले आहे. २०१६ मध्ये 'रिव्हील' या शोधपत्रकारितेच्या माध्यमाने प्लॅनेट एडच्या मलावीतल्या प्रकल्पांचा माग काढला. अमेरिकेच्या कृषी खात्याने दिलेला मदतनिधी ठरलेल्या कामांवर खर्च होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. प्लॅनेट एडने ते साफ नाकारले आणि अब्रुनुकसानीचा दावा लावला. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयाने तो फेटाळला आणि २०२२ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. याचा अर्थ पत्रकारांचे प्रत्येक विधान न्यायालयाने खरे ठरवले असा नाही. सार्वजनिक पैशाच्या वादात उतरलेल्या संस्थेने पत्रकारांवर जाणूनबुजून खोटे लिहिल्याचा आरोप करायचा, तर तो सिद्ध करण्याजोगा पुरावा द्यावा लागतो. तो तिला देता आला नाही. संस्था आजही नोंदणीकृत आहे आणि तिचे काम चालू आहे.

मला स्वतःला गुप्त सूत्रधारांच्या कथेपेक्षा या संस्थेच्या हिशेबाची मांडणी जास्त महत्त्वाची वाटते. धर्मादाय संस्थेचे मोल ठरवताना अमेरिकेत एक आकडा पाहिला जातो: शंभर डॉलरांपैकी किती मूळ कार्यावर गेले आणि किती व्यवस्थापनावर व निधी गोळा करण्यावर. कपडे गोळा करायला ट्रक लागतात, चालक लागतात, गोदामे लागतात, आणि कमाईचा मोठा भाग त्यातच जातो. साध्या हिशेबाने हा निधी उभारण्याचा खर्च. प्लॅनेट एडचा युक्तिवाद वेगळा होता. कपडे कचऱ्यात जाण्यापासून वाचवणे हेच पर्यावरणाचे कार्य, तेव्हा गोळा करण्याचा खर्च म्हणजेच कार्यावरचा खर्च. एकदा असे मानले की कागदावर कार्यावरचा वाटा एकदम फुगतो. संस्थांचे मूल्यमापन करणाऱ्या 'चॅरिटी वॉच'ने ही मांडणी मान्य केली नाही आणि संस्थेला सर्वांत खालची, 'एफ' श्रेणी दिली.

कपड्यांचा पुनर्वापर पर्यावरणाच्या हिताचा आहे, यात शंका नाही. पण 'यूएसअगेन' नावाची कंपनी अमेरिकेत अशाच पेट्या ठेवते, असेच कपडे उचलते आणि विकते, आणि ती नफ्यासाठी चालते. पर्यावरणाचे जे काम नफ्यासाठी चालणारी कंपनी करते, तेच काम करमुक्त संस्थेने केले म्हणून ते दान होत नाही. पिशवी टाकणाऱ्याला आपण गरजूला काही देतो आहोत असे वाटते. त्याने कचरा व्यवस्थापनाला हातभार लावला, हे त्याला नंतर हिशेबाच्या फॉर्ममधून कळावे, हे मला मान्य नाही.

दुसरा प्रकार याहून साधा आणि फार जास्त पसरलेला. पेटी व्यापारी कंपनीची, ट्रक तिचा, माल तिचा. पेटीवर नाव मात्र एखाद्या सेवाभावी संस्थेचे. नाव वापरू दिल्याबद्दल संस्थेला ठरावीक रक्कम मिळते, कधी पेटीमागे, कधी वजनावर. छोट्या संस्थेला हे सोयीचे पडते. गोदाम नको, माणसे नकोत, महिन्याला चेक येतो. तोट्यात फक्त देणारा असतो, कारण आपल्या पिशवीतले किती त्या संस्थेपर्यंत पोचले हे त्याला कुणी सांगत नाही.

'सेव्हर्स' या कंपनीचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. 'व्हॅल्यू व्हिलेज' या नावानेही तिची दुकाने चालतात. १९५४ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेला हा उद्योग नफ्यासाठीच आहे. २०२३ मध्ये तो न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातही उतरला. पण दुकानाच्या दाराशी सेवाभावी संस्थांच्या नावाने कपडे घेतले जात आणि संस्थांना वजनावर थोडेथोडके पैसे मिळत. मिनेसोटा राज्याच्या महान्यायवादी लोरी स्वॉन्सन यांनी २०१४ मध्ये या व्यवहाराचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. २०१५ मध्ये खटला झाला आणि कंपनीने सेवाभावी संस्थांना १८ लाख डॉलर देऊन तडजोड केली. आपण नफ्यासाठी काम करतो हे लोकांना सांगण्याच्या अटीही तिच्यावर आल्या.

वॉशिंग्टन राज्यात मात्र उलटे झाले. तिथल्या महान्यायवाद्यांनी २०१७ मध्ये याच कंपनीवर फसव्या जाहिरातीचा दावा लावला. २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. अमेरिकेत दानाचे आवाहन हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मोडते, हे त्याचे कारण. १९८८ च्या रायली खटल्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने याआधीच ठरवले होते की व्यावसायिक निधिसंकलकाने पैसे मागण्याआधी 'यातले इतके टक्के संस्थेला मिळतात' असे सांगितलेच पाहिजे, अशी सक्ती सरकार करू शकत नाही. फसवणूक सिद्ध झाली तर शिक्षा होते, पण गप्प राहण्याला शिक्षा करणे कठीण. ब्रिटनने दुसरी वाट धरली. तिथे १९९२ च्या कायद्याने दुसऱ्यासाठी निधी गोळा करणाऱ्या व्यावसायिकाला आपला मोबदला कसा ठरतो हे सांगावे लागते. म्हणून घरोघरी टाकल्या जाणाऱ्या कपड्यांच्या पिशव्यांवर, बारीक अक्षरांत का होईना, संस्थेला दर टनामागे किती मिळणार हे छापलेले सापडते. कॅलिफोर्नियाने मधला मार्ग काढला: टक्केवारी नको, पण पेटीचा मालक नफ्यासाठी काम करतो की नाही हे पेटीवर दिसले पाहिजे. मला ब्रिटनचा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो. देणाऱ्याला माहिती मिळाल्याने कुणाच्याही बोलण्यावर बंदी येत नाही.

गाठी कुठे जातात, ते घानाची राजधानी आक्रा येथे स्पष्ट दिसते. कांतामांतो हा तिथला जुन्या कपड्यांचा प्रचंड बाजार. व्यापारी साधारण ५५ किलोची गाठ विकत घेतो, तीही न फोडता, लॉटरीच्या तिकिटासारखी. उत्तरेकडच्या गरीब भागातून आलेल्या मुली आणि बायका त्या गाठी डोक्यावर वाहून दुकानांपर्यंत नेतात. या बाजारात काम करणाऱ्या 'ऑर फाउंडेशन'च्या अंदाजाप्रमाणे तिथे आठवड्याला सुमारे दीड कोटी कपडे येतात आणि त्यांतले ४० टक्के कचरा म्हणून बाहेर पडतात. व्यापाऱ्यांच्या संघटनांना हा आकडा मान्य नाही. कचऱ्याचा काही भाग गटारांतून समुद्राला मिळतो, हे मात्र किनाऱ्यावर जाऊन कुणीही पाहू शकतो. जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला लागलेल्या आगीत या बाजाराचा मोठा भाग जळाला.

या व्यापारावर हजारोंची पोटे चालतात, हेही तितकेच खरे. स्वस्तात धडका कपडा मिळणे गरिबाला हवेच असते. पण स्थानिक शिंपी आणि कारखाने यांचे काय? टोरंटो विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ गार्थ फ्रेझर यांनी २००८ मध्ये हिशेब मांडला की १९८१ ते २००० या काळात आफ्रिकेतल्या तयार कपड्यांच्या उत्पादनात झालेल्या घसरणीपैकी सुमारे ४० टक्के आणि त्या उद्योगातल्या रोजगाराच्या घसरणीपैकी सुमारे ५० टक्के वापरलेल्या कपड्यांच्या आयातीमुळे झाली. इतर अभ्यासक खुल्या आयातीला आणि स्वस्त नव्या आशियाई कपड्यांनाही दोष देतात. रवांडाने २०१६ मध्ये या कपड्यांवरचा आयातकर किलोला २० सेंटवरून अडीच डॉलर केला. अमेरिकेतल्या जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने तक्रार केली, आणि जुलै २०१८ मध्ये अमेरिकेने रवांडाच्या तयार कपड्यांना मिळणारी करसवलत स्थगित केली. दानाच्या पेटीत पडलेला कपडा घ्यायला नकार दिला म्हणून एका गरीब देशाला शिक्षा झाली. पिशवी टाकणाऱ्या माणसाने हे स्वप्नातही पाहिलेले नसते.

यातला काही माल आपल्याकडेही येतो. भारतात वापरलेले कपडे खुलेपणाने आयात करता येत नाहीत, परवाना लागतो. तरी कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात परदेशी कपड्यांची प्रतवारी करून ते पुन्हा बाहेर पाठवणारे कारखाने आहेत. कापून निकामी केलेले लोकरी कपडे हरियाणातल्या पानिपतला जातात. तिथे बायका विळीसारख्या उभ्या पात्यावर कोट उभे-आडवे फाडतात, गुंड्या आणि चेन काढून बाजूला टाकतात आणि कपडे रंगाप्रमाणे लावतात, म्हणजे नव्याने रंगवायला नको. त्यांचा पिंजून पुन्हा धागा होतो आणि धाग्याचे स्वस्त ब्लँकेट. अशी ब्लँकेट्स आपत्तीच्या वेळी वाटण्यासाठी मदतसंस्था विकत घेत आल्या आहेत. म्हणजे मिशिगनमध्ये गरिबासाठी म्हणून दिलेला कोट गरिबापर्यंत पोचतो खरा, पण अर्धी पृथ्वी फिरून, चिंध्या होऊन, आणि शेवटी कुणीतरी दुसऱ्यांदा पैसे मोजल्यावर.

महाराष्ट्रात जुन्या कपड्यांची पद्धत वेगळी होती. धडके उतरंडीने धाकट्यांकडे जायचे, विटलेल्या लुगड्यांच्या गोधड्या व्हायच्या, आणि उरलेले बोहारणीला. ती पायरीवर बसून चार साड्या आणि एक पँट मागायची, घरातली बाई दोन साड्यांवर अडून बसायची, आणि शेवटी एक स्टीलचे पातेले घरात यायचे. तिच्या गाठोड्यातले कपडे धुऊन, शिवून बाजारात जात आणि मजुरांच्या अंगावर दिसत. तो व्यवहार होता आणि दोघींनाही ते ठाऊक होते. कुणाच्याही दयेवर कुणी धंदा करत नव्हते.

आपल्याकडे दानातले कपडे वाया जातात ते आपत्तीच्या वेळी. २००४ च्या त्सुनामीनंतर देशभरातून तमिळनाडूला ट्रक भरभरून कपडे गेले आणि त्यांचे ढीग रस्त्यांच्या कडेला पडून राहिले. किनाऱ्यावरच्या मासेमार कुटुंबांना कुणाचेही मळके, फाटके नको होते. 'गूंज' या संस्थेने त्या ढिगांची प्रतवारी करून उपयोग लावला. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये तिची स्थापना केली आणि २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या संस्थेची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. गावाने मिळून विहीर खणावी, रस्ता दुरुस्त करावा, आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घ्यावेत. घेणाऱ्याची मान खाली जाऊ न देण्याचा हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

आपल्याकडे एक मोह मुळातच कमी आहे. अमेरिकेत चांगल्या अवस्थेतल्या जुन्या कपड्यांची किंमत दानात धरून करसवलत मिळते. भारतात प्राप्तिकर कायद्याखाली वस्तुरूप दानाला सवलत नाही, फक्त पैशाच्या दानाला आहे. शिवाय महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासांची नोंद १९५० च्या कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांकडे असते. त्यांनी दरवर्षी हिशेब सादर करायचे असतात आणि शुल्क भरून ते पाहता येतात. कपडे मागायला सोसायटीच्या दाराशी येणाऱ्या संस्थेला नोंदणी क्रमांक विचारला आणि 'हे कपडे वाटता की विकता, विकले तर पैसा कुठे जातो?' एवढे विचारले, तर तिचा अपमान होत नाही. चांगल्या संस्थेजवळ याचे उत्तर तयार असते.

युरोपात आता चित्र झपाट्याने बदलते आहे. १ जानेवारी २०२५ पासून युरोपीय संघात जुने कापड वेगळे गोळा करणे सदस्य देशांना बंधनकारक झाले. त्याच सुमाराला झटपट फॅशनच्या हलक्या कपड्यांनी पेट्या भरू लागल्या, प्रतवारीनंतर विकण्याजोगे कमी निघू लागले आणि घाऊक भाव पडले. या धंद्यातल्या मोठ्या जर्मन कंपन्यांपैकी 'सोएक्स'ने २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. फसव्या संकलकांना आळा घालण्यासाठी जर्मनीतल्या सेवाभावी संस्थांनी १९९४ पासून 'फेअरवेर्टुंग' हा महासंघ चालवला आहे. कपडे विकले जाणार असतील तर ते देणाऱ्याला सांगितले पाहिजे, हा त्याचा आग्रह. त्याच्यासारख्या संस्थांपुढे आज फसवणुकीपेक्षा वेगळा प्रश्न आहे: विक्रीतून ट्रकचा खर्चही सुटत नाही. अनेक जर्मन गावांतून पेट्या उचलल्या जात आहेत, आणि गोळा करण्याचा भार कुणी उचलायचा, नगरपालिकेने, सेवाभावी संस्थांनी की नवे कपडे विकून नफा कमावणाऱ्या कंपन्यांनी, यावर तिथे वाटाघाटी सुरू आहेत.